मागचा रिपोर्ट आहे का? किडनीला अचानक बसणाऱ्या माराविषयी

लॅबच्या कागदावर क्रिएटिनिनसमोर १.२ लिहिलंय. शेजारी नॉर्मलची मर्यादा छापलेली आहे, ०.७ ते १.३. लाल बाण नाही, ठळक अक्षर नाही, घरचे निर्धास्त. पण रिपोर्ट आहे ७० वर्षांच्या, ४२ किलो वजनाच्या आजींचा, आणि दोन महिन्यांपूर्वी त्यांचं क्रिएटिनिन ०.६ होतं. म्हणजे आकडा दुप्पट झालाय, किडनीचं काम निम्म्याच्या आसपास आलंय आणि कागद म्हणतोय सगळं ठीक. याउलट रोज तालमीत घाम गाळणारा ९० किलोचा पैलवान १.४ घेऊन येतो. त्याच्या कागदावर लाल बाण असतो, घरात रडारड असते आणि किडनी बहुतेक वेळा ठणठणीत असते. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा कचरा, आणि तो तयार होतो स्नायूंमध्ये. त्याच्याकडे स्नायू भरपूर, आजींकडे जेमतेम.

म्हणून किडनीचे डॉक्टर "किती आहे?" एवढं विचारून थांबत नाहीत. लगेच पुढचा प्रश्न येतो, "मागचा रिपोर्ट आहे का?"

अक्यूट किडनी इंज्युरी, डॉक्टर मंडळींच्या बोलण्यात एकेआय, हा आजार या दोन आकड्यांमधल्या फरकावर ओळखला जातो. २०१२ मध्ये केडिगो या आंतरराष्ट्रीय गटाने घालून दिलेली व्याख्या आज जगभर वापरतात. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे तासाला अर्ध्या मिलीपेक्षा कमी झाली, तर किडनीला मार बसलाय असं धरायचं. तिन्हींपैकी एक पुरे. पुढे तीव्रतेच्या तीन पायऱ्या आहेत. दुप्पट झालं की दुसरी, तिप्पट झालं किंवा ४ च्या वर गेलं की तिसरी.

०.३ म्हणजे किती किरकोळ! ०.९ चं १.२ झालं तर कोण लक्ष देतं? पण रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये एवढ्याशा वाढीनेही मृत्यूचा धोका वाढतो, हे मोठ्या अभ्यासांतून दिसल्यावरच ही रेघ इतकी खाली ओढली गेली.

डायबिटीसने दहा-पंधरा वर्षांत हळूहळू निकामी होणारी किडनी वेगळी आणि ही वेगळी. ती सहसा परत येत नाही, ही पुष्कळदा येते. फरक पडतो तो पहिल्या एक-दोन दिवसांत काय केलं यावर. आणि अडचण अशी, की नेमक्या त्या दिवसांत क्रिएटिनिन फारसं बोलत नाही. घंटागाडी आज आली नाही, तर आज संध्याकाळी सोसायटीच्या दारात ढीग दिसत नाही. तो दिसतो दोन दिवसांनी. क्रिएटिनिनचं तसंच आहे. किडनीने गाळणं थांबवलं तरी रक्तात ते साचून आकडा वर चढायला २४ ते ४८ तास जातात. सकाळी किडनीला मार बसला आणि संध्याकाळी रिपोर्ट चांगला आला, तर तो रिपोर्ट कालच्या किडनीचा समजायचा.

लघवी मात्र लवकर बोलते. ६० किलोच्या माणसाचं गणित मांडून बघा. तासाला ३० मिली, सहा तासांत १८० मिली, म्हणजे लहानसा पेलाभर. त्याहून कमी झाली तर काळजीचं. घरात आजारी माणूस असेल तर पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घ्या, मोजपेल्याने पाणी ओतत दर १०० मिलीला मार्करने खूण करा आणि लघवी त्यात धरा. वेळ लिहून ठेवा. हे करायला घरच्यांना संकोच वाटतो, "जरा कमीच होतेय" यावर भागवलं जातं. "काल रात्री दहापासून आज सकाळी दहापर्यंत दीडशे मिली" हे वाक्य ओपीडीत कानावर पडलं की डॉक्टर खुर्चीत सरळ होऊन बसतो. फक्त एक लक्षात असू द्या. लघवी भरपूर होतेय म्हणजे किडनी सुखरूप, असं नाही. काही प्रकारांत लघवी नेहमीइतकीच होते, पण तिच्यातून घाण बाहेर पडत नसते.

काकांची तीन औषधं

समजा एक देशमुखकाका आहेत. वय ६४, बँकेतून निवृत्त, सिंहगड रोडला राहतात. माणूस काल्पनिक आहे, पण पुण्यातल्या कुठल्याही फिजिशियनला विचारा, मे महिन्यात असे एखादे काका येतातच. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, सकाळी चहानंतर, न चुकता. पुतण्याच्या लग्नात जेवण बाधलं, दोन दिवस उलट्या-जुलाब. तिसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, कंबर धरली, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं, सकाळ-संध्याकाळ एक. पोटात ठरत नाही म्हणून पाणी घोट-घोटच. बीपीची गोळी चालूच, कारण ती कधी चुकवायची नाही हे डॉक्टरांनीच बजावलेलं. चौथ्या दिवशी सून म्हणते, "बाबा, सकाळपासून तुम्ही बाथरूमला गेलाच नाहीत." काका म्हणतात, "अगं, पोटात काही नाही तर लघवी कुठून होणार?"

क्रिएटिनिन येतं २.६. जानेवारीत १.० होतं.

काकांच्या उत्तरात अर्धं तथ्य आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की किडनी पाणी धरून ठेवते, लघवी कमी आणि गडद होते. इथवर किडनी शहाण्यासारखीच वागतेय. उरलेली अर्धी गोष्ट त्या गोळ्यांची.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर किंवा थोडं जास्त, दोन किडन्यांकडे जातो. त्यातून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं, पैकी दीडेक लिटर लघवी म्हणून बाहेर येतं आणि बाकी सगळं परत रक्तात घेतलं जातं. हे गाळणं चालतं दाबावर. प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या घरात सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक धमनी आणि बाहेर नेणारी दुसरी. जुलाबाने दाब उतरला की किडनी दोन गोष्टी करते. आत येणारी धमनी सैल सोडते, म्हणजे जास्त रक्त येतं. बाहेर जाणारी आवळते, म्हणजे गाळणीत दाब टिकतो. पहिलं काम प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांकडून होतं, दुसरं अँजिओटेन्सिनकडून.

आता काकांच्या गोळ्या बघा. डायक्लोफिनॅक प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही, आत येणारी धमनी सैल होत नाही. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनची वाट अडवतं, बाहेर जाणारी आवळत नाही. हायड्रोक्लोरोथायझाइड तर लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध, तेही नेमकं जुलाब चालू असताना. किडनीने दाब सांभाळायला जे जे करावं, ते ते आपणच बंद केलं. एकेक औषध सुटं पाहिलं तर कुणाचं काही चुकलेलं नाही. बीपीची गोळी योग्य, कंबरदुखीला पेनकिलर घेण्यात जगावेगळं काही नाही. तिन्ही एकत्र आली, आणि कोरड्या पडलेल्या शरीरात आली, तिथे घात झाला.

या टप्प्याला किडनीच्या पेशी शाबूत असतात, कमी पडलेला असतो तो दाब. पाणी भरून काढलं, त्या गोळ्या थांबवल्या, की बहुतेकांचं क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत उतरायला लागतं. पण दाब तसाच कमी राहिला तर गाळलेलं पाणी परत घेणाऱ्या नळ्यांच्या पेशी, ज्या सगळ्यात जास्त राबतात आणि ज्यांना प्राणवायू सगळ्यात जास्त लागतो, मरायला लागतात. मग नुसतं सलाइन देऊन भागत नाही. नव्या पेशी येईपर्यंत एक ते तीन आठवडे थांबावं लागतं, कधी मध्ये डायलिसिसही करावं लागतं. चौथ्या दिवशी बोलणारी सून दुसऱ्या दिवशी बोलली असती तर काका कदाचित ओआरएसवर सुटले असते.

जून-जुलैत ज्ञानेश्वरांची पालखी पुण्यातून निघून दिवे घाट चढते, तेव्हा मला या तीन औषधांची आठवण हमखास होते. साठी-सत्तरीचे वारकरी, दिवसभराची चाल, बीपीची गोळी चालू आणि वाटेत गुडघ्यांसाठी मागून घेतलेली पेनकिलर. पॅरासिटामोलने भागत असेल तर योग्य डोसमध्ये तेच बरं. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही सगळी एकाच घरातली भावंडं. इंजेक्शनने घेतली म्हणून किडनी वाचते, असं काही नाही.

बीपी, हृदय किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारून ठेवा, "उलट्या-जुलाब झाले, खाणंपिणं सुटलं, तर यातल्या कुठल्या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या?" रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांच्यासारख्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन ही नावं बहुधा त्या यादीत येतील. स्टेरॉइड आणि इन्शुलिन मात्र मनाने कधीच बंद करायचं नाही. यादी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून टाका.

ओआरएसबद्दल एक कानमंत्र. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएसच्या नावाने खपत होती, २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्या नावाला मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेली पावडरच घ्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, बहुतेक मोठी पाकिटं एक लिटरची असतात. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकायचं नाही.

पावसाळा, घोणस आणि बाटलीतलं काहीबाही

सगळ्यांचीच गोष्ट काकांसारखी नसते. काहींची किडनी थेट घाव सोसते.

आपल्याकडे पावसाळ्यात मलेरिया, डेंगी, लेप्टो आणि स्क्रब टायफस हे चौघंही किडनी धरू शकतात. लेप्टो उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात आणि पायाच्या जखमेतून माणसात येतो. भातखाचरात उभ्या राहणाऱ्या मावळ-मुळशीच्या शेतकऱ्याला ताप, लालभडक डोळे, दाबवत नाहीत अशा पोटऱ्या आणि कावीळ असेल, तर क्रिएटिनिन बघण्याआधीच मनात लेप्टो यायला हवा. त्यातली किडनी चकवते. लघवी बरी होत असते, आणि इतर वेळी वाढणारं पोटॅशियम इथे उलट कमी सापडतं. अँटिबायोटिक वेळेत मिळालं की ही किडनी झकास सुधारते.

डेंगी-चिकनगुनियाच्या दिवसांत सांधेदुखीसाठी मुठीने पेनकिलर खाणं ही आपली आपण ओढवून घेतलेली साथ. त्यावर इथे आणखी लिहीत नाही, काकांची गोष्ट पुरेशी आहे.

घोणस मात्र थांबून बघण्यासारखी. पुणे जिल्ह्यात ऊस आणि भाताच्या रानात ती सर्रास आहे. तिच्या विषाने रक्त गोठणं बंद होतं, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि किडनी पटकन सापडते. तालुक्याच्या दवाखान्यातही होणारी एक तपासणी आहे, यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त गोळा न होता वाहिलं तर विष भिनलंय, प्रतिविष सुरू करायचं. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल खोटा येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर चालणारं प्रतिविष एकच असतं, त्यामुळे साप मारून पिशवीतून आणायची गरज नाही. गरज आहे वेळेची. मांत्रिकाकडे गेलेले तीन तास किडनीच्या हिशेबातून वजा होतात, आणि काहींच्या किडनीचा बाहेरचा थर कायमचा मरतो.

औषधांमधूनही मार बसतो. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं आठवडाभर गेली की नळ्यांच्या पेशी दमतात. पित्ताच्या गोळ्या, पँटोप्राझोल-ओमेप्राझोल, विचारल्याशिवाय महिनोन्महिने चालू असतात. त्यांच्यामुळे काहींच्या किडनीत अ‍ॅलर्जीसारखी सूज येते, ताप नाही, पुरळ नाही, नुसतं क्रिएटिनिन सरकत जातं. नाव-गाव नसलेल्या पुड्या आणि भस्मं यांत शिसं-पारा निघू शकतो. "नैसर्गिक आहे, अपाय नाही" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, घोणसही नैसर्गिकच ना?

आणि बाटलीतलं औषधच विष निघालं तर? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकोलने दूषित झालेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात तेच रसायन खोकल्याच्या सिरपात निघालं आणि लहान मुलं किडनी बंद पडून गेली. सर्दी-खोकल्याचं सिरप घेतलेल्या लहानग्याची लघवी बंद झाली, तर बाटली सोबत घेऊनच रुग्णालय गाठा.

स्नायू चिरडले किंवा अतिश्रमाने फाटले तरी त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन किडनीत अडकतं. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून सुखरूप निघालेली माणसं काही दिवसांनी किडनी बंद पडून गेली, तेव्हा बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं. आज इमारतीखाली सापडलेल्या माणसाला बाहेर काढण्याआधीच सलाइन लावायला बघतात ते त्यामुळे. उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी जिममध्ये दोनशे उठाबशा काढून कोकाकोलाच्या रंगाची लघवी घेऊन येणारा तरुणही याच रांगेतला.

राहिलं तुंबणं. प्रोस्टेट वाढलेले आजोबा, दोन्ही बाजूंचा किंवा एकाच किडनीवर जगणाऱ्याचा मूतखडा, गर्भाशयमुखाचा कर्करोग. यात लघवी बनते, पण वाट बंद असते. सगळ्यात लवकर सुटण्यासारखं कारण हेच, कधीकधी नुसती लघवीची नळी घातली की लिटरभर लघवी येते आणि आजोबा दोन मिनिटांत हसायला लागतात. म्हणूनच क्रिएटिनिन अचानक वाढलेल्या, कारण उघड नसलेल्या रुग्णाची सोनोग्राफी उद्यावर टाकायची नसते.

शोध कसा घेतात

चांगला डॉक्टर आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगतो. मग जीभ बघतो, झोपवून आणि उभं करून बीपी घेतो, मानेची शीर, पायांची सूज, ओटीपोटात फुगलेलं मूत्राशय. एवढ्यात निम्मं निदान होतं.

सोनोग्राफीतून दोन उत्तरं मिळतात. तुंबलंय का, आणि किडनीचा आकार किती. प्रौढांची किडनी साधारण १० ते १२ सेंटिमीटर असते. ती आठ-साडेआठची, पांढुरकी दिसली तर आजार आजचा नाही, जुन्यावर नवा मार आहे. मागचा रिपोर्ट हरवलेल्यांना हाच आधार.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी लघवीची. ताजी लघवी यंत्रात फिरवून खाली बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर किडनीत काय चाललंय ते दिसतं. चिखलाच्या रंगाचे दाणेदार साचे, म्हणजे नळ्यांत गोठून नळीच्याच आकाराचे झालेले तुकडे, दिसले तर नळ्यांच्या पेशी मरताहेत. लाल पेशींचे साचे आणि जोडीला भरपूर प्रोटीन दिसलं तर गाळण्याच सुजल्यात, आणि ही खरी घाई आहे. अशांना एक-दोन दिवसांत किडनीतज्ज्ञ गाठावा लागतो, बायोप्सी आणि स्टेरॉइडचा विचार करावा लागतो, नाहीतर गाळण्या कायमच्या जातात. लघवीत बुडवायच्या पट्टीवर रक्त दिसतंय पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत, तर मायोग्लोबिन शोधायचं. आणि काकांसारख्यांच्या लघवीत काहीच नसतं, तेही उत्तरच. बहुतेक लॅबमध्ये हे काम आता मशीनवर होतं आणि साचे सुटतात. स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारा किडनीतज्ज्ञ भेटला तर भाग्य समजा.

उपचार, त्यातलं सलाइन आणि शहाळं

मार बसलेल्या किडनीला बरं करणारी गोळी नाही. कारण काढायचं, किडनीला त्रास देणारं थांबवायचं, बाकी औषधांचे डोस कमी करायचे आणि ती सावरेपर्यंत शरीर सांभाळायचं. ऐकायला साधं वाटतं, पण यात सलाइनवरून रोज वाद होतात. "लघवी होत नाही, सलाइन वाढवा" हे नातेवाइकांचं म्हणणं काकांच्या बाबतीत बरोबर आहे. पण ज्याची किडनी खरोखर बंद आहे त्याला चार बाटल्या चढवल्या तर पाणी फुप्फुसात जातं. म्हणून पाव ते अर्धा लिटर द्यायचं, छाती ऐकायची, लघवी मोजायची आणि मगच पुढचं ठरवायचं. रोज सकाळी वजन करणं हे यातलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. रिंगर लॅक्टेट या प्रकारच्या सलाइनमध्ये पोटॅशियम आहे म्हणून काही जण ते टाळतात. त्यात ते लिटरला चार एकक असतं, निरोगी रक्तात असतं तेवढंच. भिण्यासारखं त्यात काही नाही.

फ्युरोसेमाइड देऊन लघवी वाढते, घरच्यांना बरं वाटतं. अंगातलं जादा पाणी काढायला ते चांगलं आहे, पण त्याने किडनी बरी होत नाही. पूर्वी डोपामीनचे थेंब 'किडनीसाठी' लावत. २००० मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत त्याचा उपयोग नसल्याचं दिसलं आणि ती प्रथा हळूहळू गेली.

जीव घेतं ते पोटॅशियम. किडनी बंद असली की ते साचतं, आणि ६.५ च्या वर गेलं की हृदय कधीही थांबू शकतं. ईसीजीमधली टी लाट तंबूसारखी उंच होते. अशा वेळी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देतात. त्याने पोटॅशियम एक कणही कमी होत नाही, हृदयाला तेवढ्यापुरतं कवच मिळतं. मग इन्शुलिन-ग्लुकोजने पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात, म्हणजे तेही फक्त लपवतात. शरीराबाहेर काढायचं तर लघवी, शौच किंवा डायलिसिस.

आता आपल्याकडची रीत. आजारी माणसाला बघायला जायचं तर शहाळं, मोसंबी, केळी. तिन्हींत पोटॅशियम ठासून, एका मोठ्या शहाळ्यात तर सहसा केळ्याहून जास्त. जुलाबाने सुकलेल्या, लघवी होत असलेल्या माणसाला शहाळं छानच. लघवी बंद झालेल्याला तेच घातक ठरू शकतं. बीपीसाठी मिळणारं 'कमी सोडियमचं' मीठही तसलंच, सोडियमच्या जागी पोटॅशियम. वॉर्डातली सिस्टर शहाळं परत पाठवते ती काही खडूसपणाने नाही.

"एकदा डायलिसिस लावलं की कायमचं लागतं" या भीतीने पुण्यासारख्या शहरातही लोक सही करायला दोन दिवस घालवतात. डायलिसिसमुळे किडनी जात नाही, गेलेल्या किडनीचं काम ते तात्पुरतं करतं. मुळात यंत्राचं पहिलं यशही अशाच रुग्णाचं. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी युद्धकाळात, सॉसेजसाठी वापरतात तो सेलोफेन लाकडी पिंपावर गुंडाळून यंत्र बनवलं. १९४५ मध्ये ६७ वर्षांची बेशुद्ध बाई त्यावर शुद्धीवर आली, तिची स्वतःची किडनी परतली आणि ती पुढे काही वर्षं जगली.

डायलिसिस युरिया-क्रिएटिनिनच्या ठरावीक आकड्याला लावत नाहीत. औषधांनी न उतरणारं पोटॅशियम, फुप्फुसातलं पाणी, रक्तातलं वाढतं आम्ल, युरियामुळे येणारी गुंगी, झटके किंवा हृदयाभोवतीची सूज ही खरी कारणं. यातलं काही नसेल तर थांबून बघणं सुरक्षित आहे. २०२० च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत घाई करून लवकर डायलिसिस लावलेल्यांचे जीव काही जास्त वाचले नाहीत, उलट वाचलेल्यांपैकी जास्त जण तीन महिन्यांनंतरही डायलिसिसवर राहिले. तेव्हा "क्रिएटिनिन ६ आहे आणि डॉक्टर डायलिसिस करत नाहीत" ही तक्रार करण्याआधी कारण विचारा. खर्चाचा प्रश्न असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल पहिल्याच दिवशी विचारा, डिस्चार्जच्या वेळी नाही.

सुधारताना लघवी आधी वाढते, क्रिएटिनिन मागाहून उतरतं. काही जणांना दिवसाला तीन-चार लिटर होते आणि घरचे खूश होतात. त्या दिवसांत पाणी, सोडियम, पोटॅशियम वाहून जातं, म्हणून रक्ततपासणी चालूच ठेवतात.

डिस्चार्ज कार्डावर 'एकेआय' हा शब्द, सगळ्यात वर गेलेलं आणि घरी जातानाचं क्रिएटिनिन, आणि थांबवलेल्या गोळ्यांची नावं लिहिलीत का ते बघा, नसतील तर मागून घ्या. सुरुवातीला आठवड्या-पंधरवड्याने क्रिएटिनिन. तीन महिन्यांनी पुन्हा क्रिएटिनिन, बीपी आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचं प्रमाण. तेव्हाही बिघाड दिसला तर तो जुनाट आजार म्हणून धरतात. बीपीची थांबवलेली गोळी कुणी परत सुरू करायची हे ठरवून घ्या. रुग्णालय म्हणतं फॅमिली डॉक्टर बघतील, फॅमिली डॉक्टरांना वाटतं किडनीवाल्यांनी बंद केलीय, आणि सहा महिन्यांनी काका १८० बीपी घेऊन येतात. डायक्लोफिनॅकची उरलेली पट्टी मात्र डब्यात तशीच असते, ती आजच काढून टाका.